पीपीटीत कालरेषा: वर्षांमधलं अंतर खरं कसं दाखवायचं?

साधी_रेघ · सोमवार, सकाळी १०.१२

मुंबईच्या रेल्वेची कालरेषा पॉवरपॉइंटमध्ये करायची आहे. ती शाळेच्या प्रदर्शनात प्रोजेक्टरवर दाखवायची आहे, आणि तिचाच दहा बाय तीन फुटी फ्लेक्सही लावायचा आहे. हाताशी पॉवरपॉइंट २०१६ आहे, दुसऱ्या संगणकावर लिब्रेऑफिस.

सध्याच्या नोंदी:
१८४९ जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे कंपनी
१८५३ बोरीबंदर ते ठाणे
१८५४ कल्याणपर्यंत
१८५८ खंडाळा ते पुणे
१८६३ बोरघाट खुला
१८७८–८८ व्हिक्टोरिया टर्मिनसचं बांधकाम
१९२५ पहिली विजेची गाडी, व्हीटी ते कुर्ला
१९३० डेक्कन क्वीन
१९५१ मध्य रेल्वे
१९९६ व्हीटीचं सीएसटी
१९९८ कोकण रेल्वे
२००४ सीएसटी जागतिक वारसा यादीत
२०१४ मेट्रो
२०१७ वातानुकूलित लोकल

स्मार्टआर्टमधली 'बेसिक टाइमलाइन' घेऊन हे भरलं. चौदा नोंदी झाल्यावर अक्षरं मुंगीएवढी झाली. शिवाय १८५३ आणि १८५४ मध्ये जेवढी जागा, तेवढीच १८८८ आणि १९२५ मध्ये. हे हाताने सरकवायचं तर कुठून सुरुवात करू?


मोजपट्टी · सोमवार, सकाळी ११.०५

स्मार्टआर्ट सगळ्या नोंदींना समान जागा वाटतं. त्याला फक्त क्रम कळतो, वर्ष कळत नाही. तुम्हाला मोजून काढलेली रेघ हवी. गणित एकदाच करायचं असतं.

१६:९ ची स्लाइड ३३.८७ सेंमी रुंद असते. रेघ ३० सेंमीची घ्या. ती मधोमध बसवली की डावीकडे १.९३ सेंमी उरतात. काळ १८५० ते २०३० धरा, म्हणजे १८० वर्षं. भागाकार सोपा होतो: ६ वर्षं = १ सेंमी. मुद्दाम असाच काळ निवडला आहे. १७५ वर्षं घेतलीत तर प्रत्येक ठिपक्याला कॅल्क्युलेटर लागेल.

ठिपका किती मोठा? तुमच्या यादीत १९९६ आणि १९९८ आहेत, म्हणजे दोन वर्षं, ०.३३ सेंमी. ठिपका ०.५ सेंमीचा केला तर ते एकमेकांवर चढतील. ०.३ सेंमी घ्या.

आता बहुतेकजण जिथे चुकतात ती जागा. ठिपक्यावर राइट क्लिक, 'साइझ अँड पोझिशन', त्यात 'हॉरिझाँटल पोझिशन'. तिथला आकडा ठिपक्याच्या मध्याचा नसतो, त्याच्या डाव्या कडेचा असतो. म्हणून त्रिज्या वजा करायची:

डावी कड = १.९३ + (वर्ष − १८५०) ÷ ६ − ०.१५

१८५३ : १.९३ + ०.५० − ०.१५ = २.२८
१८६३ : १.९३ + २.१७ − ०.१५ = ३.९५
१९२५ : १.९३ + १२.५० − ०.१५ = १४.२८
१९९८ : १.९३ + २४.६७ − ०.१५ = २६.४५

त्याच चौकटीत शेजारी 'फ्रॉम' म्हणून यादी दिसते, 'टॉप लेफ्ट कॉर्नर' आणि 'सेंटर'. 'सेंटर' निवडलं की ठिपक्याचा मध्य मोजला जाईल असं वाटतं. तसं होत नाही. ते स्लाइडचं केंद्र आहे; मोजली जाते ती ठिपक्याची डावी-वरची कडच, फक्त स्लाइडच्या मध्यापासून. 'टॉप लेफ्ट'च राहू द्या.

आकडे इंचात दिसत असतील तर १४.२८ पुढे सेंमीचं इंग्रजी संक्षेप टाइप करा, तो स्वतःच रूपांतर करतो.

पहिला ठिपका पूर्ण सजवून घ्या (रंग, कड काढलेली), मग कंट्रोल-डी ने तेरा प्रती. उभी जागा सगळ्यांची एकच: सगळे निवडून 'अलाइन मिडल'. त्याच मेनूतल्या 'डिस्ट्रिब्यूट हॉरिझाँटली'ला मात्र हात लावू नका. एका क्लिकमध्ये सगळी वर्षं समान अंतरावर येतात आणि बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.


कानामात्रा · सोमवार, सकाळी ११.३१

लिब्रेऑफिसमध्ये ही त्रिज्येची वजाबाकी लागत नाही. आकार निवडून एफ४ दाबा. 'पोझिशन'च्या शेजारी नऊ टिंबांचा छोटा चौकोन असतो, 'बेस पॉइंट'. मधलं टिंब निवडा आणि थेट ठिपक्याच्या मध्याचा आकडा द्या, १९२५ साठी १४.४३. पॉवरपॉइंटमध्ये एवढी साधी सोय का नाही, देव जाणे.


ठोकळा · सोमवार, दुपारी १२.२०

थोडा विरोधी सूर. दहा वर्षांच्या मुलांना क्रम कळला तरी पुष्कळ. सहा-सात नोंदींपर्यंत स्मार्टआर्ट झकास चालतं. डावीकडच्या टेक्स्ट पेनमध्ये वर्ष लिहून शिफ्ट-एंटर दाबायचं, मजकूर त्याच गोळ्यात दुसऱ्या ओळीवर येतो. नुसतं एंटर दाबलं की नवा गोळा तयार होतो, आणि मग लोक म्हणतात स्मार्टआर्ट बिघडलं.

नंतर सरकवायचंच असेल तर 'कन्व्हर्ट टू शेप्स' करा, मग कंट्रोल-शिफ्ट-जी. सगळे आकार सुटे होतात, रंगसंगती तशीच राहते. त्यावर मोजपट्टींचं सूत्र लावा.

आणि १८८८ ते १९२५ ही पोकळी फ्लेक्सवर विद्रूप दिसेल. रेघ तिथे कापून टाका ना.


मोजपट्टी · सोमवार, दुपारी १२.४८

ठोकळा, कापायला हरकत नाही, पण काप दिसला पाहिजे. रेघेत नागमोडी तुकडा किंवा दोन तिरक्या रेघा, आणि दोन्ही बाजूंना वर्षं. गुपचूप कापलेली रेघ म्हणजे पुन्हा स्मार्टआर्टच.

पण आधी पोकळीकडे नीट बघा. १८८८ ते १९२५ म्हणजे ३७ वर्षं, स्लाइडवर ६.१७ सेंमी. तेवढ्या काळात रेल्वेत काहीच घडलं नाही असं थोडंच आहे? यादीत ते आलेलं नाही, एवढंच. समान अंतराच्या कालरेषेत हे कळलंच नसतं.


घाटवाट · सोमवार, दुपारी १.१५

तेच लिहायला आलो होतो. १९०७ ची नेरळ-माथेरान गाडी त्या पोकळीत बसते. आणि साधी_रेघ, अख्खी पश्चिम रेल्वे कुठे गेली? १८६७ ला विरारहून बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली, १९२८ ला कुलाबा-बोरिवली विजेवर आली. 'मुंबईची रेल्वे' असं शीर्षक आणि खाली फक्त व्हीटीकडच्या नोंदी, असं दिलंत तर बोरिवलीकर पालक पहिल्या दहा मिनिटांत बोट ठेवतील.

मजकुराबद्दलही दोन गोष्टी.

१८५३ खाली 'भारतातली पहिली रेल्वे' लिहू नका. मालवाहतुकीच्या गाड्या त्याआधी मद्रासजवळ आणि रुरकीजवळ धावल्या होत्या. 'पहिली प्रवासी रेल्वे, १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किमी' एवढं नेमकं पुरे. साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनांची नावं मुलांना आवडतात, ती चित्राखाली द्या.

१८५८ आणि १८६३ या दोन ठिपक्यांच्या मधला काळही दाखवा. पुण्याहून गाडी खंडाळ्यापर्यंत येत होती, मुंबईकडून घाटाच्या पायथ्यापर्यंत. मधला घाट डोलीतून, तट्टावरून, बैलगाडीतून उतरायचा. दोन ठिपके काढले की ही पाच वर्षं हरवतात. तिथे पट्टी हवी.


साधी_रेघ · सोमवार, दुपारी ३.०२

पश्चिम रेल्वेचं मान्य. १८६७, १९०७, १९२८ घेते. म्हणजे सतरा नोंदी.

पट्टीची लांबी कशी काढायची? आणि १८४९ चं काय, रेघ तर १८५० पासून आहे. आणखी मोठी अडचण म्हणजे १८५३ ते १८६७ एवढ्याशा जागेत पाच ठिपके आहेत, मजकूर कुठे लिहू?


मोजपट्टी · सोमवार, दुपारी ३.४०

पट्टी ठिपक्याहून सोपी. डावी कड = १.९३ + (सुरुवातीचं वर्ष − १८५०) ÷ ६, आणि रुंदी = वर्षं ÷ ६. इथे त्रिज्या वजा करायची नाही. व्हीटीचं बांधकाम १८७८–८८: डावी कड ६.६०, रुंदी १.६७. मुंबईतली १५०० व्होल्ट डीसी वीज १९२५ ते २०१६ अशी दाखवायची झाली तर रुंदी १५.१७. पट्टीची उंची ०.३, रेघेपासून थोडी वर, म्हणजे ठिपके झाकले जात नाहीत.

१८४९ साठी सगळी मोजमापं बदलू नका. जीआयपीची पट्टी १८४९ ते १९५१ अशी आहे. रेघेच्या डाव्या टोकापासून सुरू करा, 'पेंटॅगॉन' बाण उलटा करून टोक डावीकडे ठेवा आणि आत '१८४९ पासून' लिहा. बाण म्हणजे 'हे याच्या आधीपासून चालू आहे', हे मुलांनाही कळतं.

गर्दीचं: १८५३ ते १८६७ म्हणजे १४ वर्षं, २.३३ सेंमी. वाचता येईल असा एक मजकूर-चौकोन साडेतीन सेंमी रुंद असतो. वर-खाली, वर-खाली करूनही पाच बसणार नाहीत. म्हणून भिंग लावायचं. मुख्य रेघेवर हे पाच ठिपके मजकुराशिवाय ठेवा, आणि १८५० ते १८७० एवढाच तुकडा दुसऱ्या स्लाइडवर ३० सेंमीचा करा. आता १ वर्ष = १.५ सेंमी.

या मापाला महिनेही दिसू लागतात, तेव्हा दशांश वर्ष वापरा: (महिना − १) ÷ १२ + दिवस ÷ ३६५. १६ एप्रिल १८५३ म्हणजे १८५३.२९, रेघेच्या सुरुवातीपासून ४.९४ सेंमी. कल्याण १ मे १८५४, १८५४.३४, म्हणजे ६.५१ सेंमी. ज्या नोंदीचं फक्त वर्ष ठाऊक आहे ती त्या वर्षाच्या मध्यावर, .५ वर टाका. एक जानेवारीवर टाकली तर तारखा असलेल्या नोंदींच्या तुलनेत ती उगाच अर्धं वर्ष आधी दिसते. मुख्य रेघेवर हा घोळ नको, तिथे चार महिने म्हणजे अर्धा मिलिमीटर.

फ्लेक्सवर स्लाइड बदलता येत नाही. तिथे भिंगाची रेघ मुख्य रेघेच्या खाली घ्या, आणि 'फ्रीफॉर्म'ने एक फिकट, पारदर्शक पंखा काढा: वरची बाजू मुख्य रेघेवरच्या १८५०–१८७० एवढी अरुंद, खालची भिंगाच्या रेघेएवढी रुंद. काही लिहावं लागत नाही, डोळा आपोआप खाली उतरतो.

वर मध्य रेल्वे, खाली पश्चिम रेल्वे अशी वाटणी केलीत तर शीर्षकाचा घाटवाट यांचा आक्षेपही मिटेल. मात्र मग मजकूर एकआड एक वर-खाली करता येणार नाही. वरच्याच बाजूला तीन उंच्या ठरवा, रेघेपासून २, ४ आणि ६ सेंमी, आणि फिरत्या क्रमाने वापरा. जोडरेघा सरळ उभ्या ठेवा. 'एल्बो कनेक्टर' चौकोन जरा हलला की भलतीच वळणं घेतो.


रकाना · सोमवार, संध्याकाळी ६.१०

सतरा ठिपके हाताने का लावताय? पॉवरपॉइंटमध्येच आलेख घ्या: इन्सर्ट, चार्ट, एक्स-वाय स्कॅटर. पहिल्या रकान्यात वर्ष, दुसऱ्यात उंची (२, −२, ४, −४ अशी), तिसऱ्यात मजकूर.

१. आडव्या अक्षाला किमान १८५०, कमाल २०३०, टप्पा २०.
२. उभा अक्ष आणि मागची जाळी काढून टाका.
३. 'एरर बार्स' जोडा. आडवे आणि उभे दोन्ही येतात, आडवे डिलीट करा. उभ्याला 'मायनस', 'नो कॅप', 'पर्सेंटेज १००'. प्रत्येक ठिपक्यापासून रेघेपर्यंत दांडी तयार.
४. 'डेटा लेबल्स'मध्ये 'व्हॅल्यू फ्रॉम सेल्स' निवडून तिसरा रकाना द्या, 'वाय व्हॅल्यू'ची खूण काढा. हे ऑफिस २०१३ पासून पुढे चालतं. २०१० मध्ये फाइल उघडली तर मजकुराच्या जागी कंसात 'सेलरेंज' एवढंच दिसतं.
५. अक्षाच्या लेबलांची जागा 'लो' करा, नाहीतर वर्षांचे आकडे दांड्यांवर येतात.

नोंद बदलली की रकान्यात वर्ष बदला, ठिपका आपोआप सरकतो.


साधी_रेघ · सोमवार, रात्री ९.२६

करून बघितलं. दोन ठिकाणी अडलं. पहिल्या रकान्यात १६/४/१८५३ अशी तारीख टाकली तर ती डावीकडे चिकटते, वजाबाकी केली की व्हॅल्यूची चूक दाखवते. आणि १६/४/५३ टाकली तर ठिपका स्वातंत्र्यानंतर गेला!


रकाना · सोमवार, रात्री ९.५०

एक्सेलचं कॅलेंडर १ जानेवारी १९०० ला सुरू होतं. त्याआधीची तारीख त्याच्या लेखी नुसता मजकूर, म्हणून डावीकडे चिकटते. '५३' ला तो १९५३ समजतो, ३० ते ९९ सगळे त्याला विसाव्या शतकातले वाटतात. तारखेऐवजी मोजपट्टींचं दशांश वर्ष टाका, १८५३.२९. नुसता आकडा आहे, भांडण नाही. लिब्रेऑफिस कॅल्क १९०० आधीच्या तारखा घेतं, पण फाइल दोन्हीकडे फिरणार असेल तर दशांशच बरा.

आकडेमोडीच्या रकान्यात इंग्रजी अंक ठेवा. मजकुराच्या रकान्यात '१८५३' देवनागरीत लिहा, तो तसाच दिसतो. अक्षाचे आकडे इंग्रजीच राहतील. ते लपवून खाली दहा टेक्स्ट बॉक्स ठेवा, १८५० ते २०३०, दर वीस वर्षांनी.


कानामात्रा · मंगळवार, सकाळी ९.१५

दर वीस वर्षांनी म्हणजे १८५०, १८७०, … २०३०. मोजा, दहाच होतात, बरोबर.

आलेखाची पद्धत नोंदी वारंवार बदलत असतील तेव्हा छान. पण मराठी मजकूर दोन-तीन ओळींत मोडायचा असेल तर आलेखाची लेबलं हट्टी असतात, रुंदी मनासारखी होत नाही. नोंदी पक्क्या असतील तर सुटे आकारच बरे.

आता फॉन्टचं, कारण प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी रडवतो तो हाच.

युनिकोडच वापरा. श्रीलिपी किंवा कृतिदेवचा जुना मजकूर चिकटवला असेल तर दुसऱ्या संगणकावर तो इंग्रजी अक्षरांचा काला होतो. विंडोजवर निर्मला किंवा मंगल आधीपासून असतात. दिसायला मुक्ता चांगला, वजनंही पुष्कळ, वर्ष ठळक आणि मजकूर साधा ठेवता येतो. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर 'तिरो देवनागरी मराठी' आहे, पण तो पुस्तकी वळणाचा, लांबून वाचायला मुक्ता सरस.

बाहेरचा फॉन्ट वापरलात तर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह, तिथे 'एम्बेड फॉन्ट्स'ची खूण, आणि त्याखालचा 'सगळी अक्षरं' हा पर्याय. लिब्रेऑफिसमध्ये आधी सेटिंग्जच्या भाषा विभागात 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करा. नाहीतर तुम्ही आकार बदलताय तो फक्त इंग्रजीचा, मराठी जागचं हलत नाही.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजी शीर्षकाला ते शोभतं, देवनागरीची शिरोरेषा तुटते. 'मुं ब ई' असं दिसतं. उभा मजकूर हवा असेल तर 'रोटेट २७०' घ्या. 'स्टॅक्ड' घेतलात तर अक्षरं एकाखाली एक रचली जातात आणि शब्द म्हणून काही उरत नाही.

ओळींचं अंतर 'एक्झॅक्टली' ठेवू नका, वरच्या वेलांट्या आणि रफार कापले जातात. 'मल्टिपल ०.९' ठीक. प्रत्येक टेक्स्ट बॉक्सला 'डू नॉट ऑटोफिट' करा. तसं नसेल तर लांब मजकुराच्या चौकोनात अक्षर बारीक होतं, आखूड मजकुराच्या चौकोनात मोठं राहतं, आणि कारण शोधताना संध्याकाळ होते. चौकोनाच्या आत डावी-उजवीकडे ०.२५ सेंमी मोकळी जागा आधीच असते. साडेतीन सेंमीच्या चौकोनात अर्धा सेंमी तिथेच जातो, ती शून्य करा.

प्रोजेक्टरसाठी वर्ष १८, मजकूर १४ च्या खाली जाऊ नका. आणि एका नोंदीला आठ शब्द फार झाले.


ठोकळा · मंगळवार, सकाळी १०.३०

अवांतर: पेशवाईची कालरेषा कुणी करत असेल तर शके आणि इसवी यांचा घोळ लक्षात ठेवा. सरसकट ७८ मिळवून चालत नाही. शक चैत्रात बदलतो, इसवी सन जानेवारीत. म्हणून चैत्रापासून पुढे ७८, पण माघ-फाल्गुनाला ७९. फाल्गुन शके १५५१ म्हणजे १६३०. पौष मधोमध येतो, तिथे तारीख बघूनच ठरवायचं.


साधी_रेघ · मंगळवार, दुपारी २.४४

सुटे आकारच घेतले. आता फ्लेक्स. हीच स्लाइड दुकानदाराला दिली तर चालेल?


घाटवाट · मंगळवार, दुपारी ३.२०

नको. स्लाइड १६:९, फ्लेक्स १०:३. ताणला की ठिपक्यांची अंडी होतात.

नवी फाइल घ्या आणि काही काढायच्या आधी 'कस्टम स्लाइड साइझ' ठरवा. नंतर बदललं तर तो 'मॅक्सिमाइझ' की 'एन्शुअर फिट' असं विचारतो आणि दोन्हीत तुमची मोजमापं जातात. पॉवरपॉइंट १४२ सेंमीच्या आसपास थांबतो, दहा फूट म्हणजे ३०४.८ सेंमी. म्हणून पाव मापात: ७६.२ × २२.८६ सेंमी. छापताना ४०० टक्के.

या फाइलमध्ये रेघ ७२ सेंमी. १८० वर्षं, म्हणजे १ वर्ष = ०.४ सेंमी. डावीकडे २.१ सेंमी उरतात, छापल्यावर ८.४. कडेला दुमड आणि रिंगा येतात, तेवढी जागा सोडलीच पाहिजे. १४ पॉइंटचं अक्षर छापल्यावर ५६ होतं, दोन मीटरवरून आरामात वाचता येतं. भिंगाची रेघ ६० सेंमीची घेतलीत तर १ वर्ष = ३ सेंमी.

दुकानदाराला पीपीटी देऊ नका. पीडीएफ दिलीत तर बरेच जण ती कोरलड्रॉमध्ये उघडतात आणि तिथे जोडाक्षरं फुटतात, 'व्हिक्टोरिया'चा भुगा होतो. पीडीएफवरून ९००० × २७०० पिक्सेलचं चित्र काढून तेच द्या. छापल्यावर इंचाला ७५ पिक्सेल पडतात, फ्लेक्सला पुरेत. पॉवरपॉइंटमधून थेट 'सेव्ह अ‍ॅज' करून चित्र घेतलंत तर बारीक आकाराचं मिळतं. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं झालं तर 'डॉक्युमेंट' म्हणून. फोटो म्हणून पाठवलं की सगळी मेहनत चेपली जाते.


रकाना · मंगळवार, दुपारी ४.०५

प्रोजेक्टरवर सरकती रेघ हवी असेल तर: पॉवरपॉइंट २०१६ च्या सुट्या (वर्गणीशिवायच्या) प्रतीत मॉर्फ हा स्लाइड बदलण्याचा परिणाम नाही, पण 'पुश'ने काम भागतं. दोन स्लाइडवर रेघ कडेपासून कडेपर्यंत न्या, शून्यापासून ३३.८७ पर्यंत, दोन्हीकडे उभी जागा अगदी तीच. दुसऱ्या स्लाइडला 'पुश', 'फ्रॉम राइट'. रेघ सलग पुढे गेल्यासारखी दिसते. उभ्या जागेत पाव मिलिमीटरचा फरक असला तरी सांध्यावर पायरी दिसते. मापं मात्र नव्याने काढा: एका स्लाइडवर ९० वर्षं, ३३.८७ ÷ ९० = ०.३७६ सेंमी एका वर्षाला.

एकेक नोंद क्लिकवर आणायची असेल तर ठिपका, दांडी, मजकूर आधी गटात बांधा, नाहीतर एका नोंदीला तीन अ‍ॅनिमेशन. पण गट केल्यावर चौकटीतला आकडा गटाच्या डाव्या कडेचा होतो. ठिपका तपासायचा तर गटावर एकदा क्लिक, मग ठिपक्यावर पुन्हा.


साधी_रेघ · बुधवार, सकाळी ११.१८

प्रोजेक्टरची स्लाइड झाली. डाव्या कडा अशा आहेत, कुणी एकदा नजर फिरवेल का?

१८५३ – २.२८
१८५४ – २.४५
१८५८ – ३.११
१८६३ – ३.९५
१८६७ – ४.६१
१९०७ – ११.२८
१९२५ – १४.२८
१९२८ – १४.७८
१९३० – १५.११
१९५१ – १८.७६
१९९६ – २६.११
१९९८ – २६.४५
२००४ – २७.४५
२०१४ – २९.११
२०१७ – २९.६१


कानामात्रा · बुधवार, सकाळी ११.४०

१९५१ ला ०.१५ वजा करायचं राहिलं. १८.६१ हवं. बाकी सगळं जुळतंय.


साधी_रेघ · बुधवार, सकाळी ११.५२

हो, म्हणूनच जीआयपीच्या पट्टीचं टोक त्या ठिपक्याच्या मध्याशी जुळत नव्हतं. केलं, आता टोक बरोबर मधोमध येतंय.